जिभेला न सोसणारी गोळी

ता. ३ मार्च

चि. धाकट्यास,
अनेक आशीर्वाद.

तुझ्या बायकोने कळवलं, की तुझ्या लघवीतून प्रथिनं जातायत. डॉक्टर म्हणाले, मोठ्या रक्तवाहिन्या कडक झाल्यात, त्यामुळे प्रत्येक ठोक्याचा मार थेट मूत्रपिंडांतल्या बारीक वाहिन्यांवर बसतो आणि त्या निकामी होतायत. आणि तपासणीला गेलास की तुझं ब्लडप्रेशर मात्र झकास! डॉक्टर चक्रावलेत, मी नाही. गोळ्या घेतोस ना? खरं सांग, नाहीतर येऊन कान उपटीन.

लोभ आहेच, सध्या तो रागाखाली आहे.
ताई

ता. ११ मार्च

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

कान शाबूत राहावेत म्हणून सांगतो. गोळी घेतो, पण तपासणीच्या आठवड्यातच. तिच्यामुळे जिभेवर लोखंड चाटल्यासारखी चव राहते, मीठ कळत नाही. कारखान्याच्या खानावळीचा आचारी मी. मागे अख्खं पातेलं खारट केलं, तेव्हा मॅनेजरने सगळ्यांदेखत विचारलं, दुसरा माणूस बघू का? चव गेली तर मी करायचं काय? शिवाय मला कुठे काही दुखतंय? बायकोला सांगू नकोस.

रागातही माझी जागा राखून ठेव.
धाकटा

ता. १६ मार्च

चि. धाकट्यास,
आशीर्वाद आज हात आखडून.

धन्य आहेस! डॉक्टरांच्या डोळ्यांत धूळ फेकलीस, पण मूत्रपिंडं काय त्यांची आहेत? दुखत नाही म्हणे! दुखेल तेव्हा वेळ उरेल का? बायकोला मी सांगितलं, पत्र वाचल्या वाचल्या सांगितलं. सोमवारी ती तुला घेऊन जाईल. तिथे सगळं तू स्वतः सांगायचंस. मला भीती वाटते रे. पाठचा भाऊ एकच आहे मला.

उलट टपाली कळव.
ताई

ता. २४ मार्च

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

डॉक्टर तुझ्याहून तापले. मग त्यांनी गोळी बदलून दिली. आज चार दिवस घेतोय. जिभेला काही त्रास नाही, मीठ नीट कळतं. ही नवीन निघाली का, म्हणून मी विचारलं होतं. ते म्हणाले, पहिल्या दिवसापासून होती, तुम्ही बोललाच नाहीत. गेलेल्या वाहिन्या परत येत नाहीत म्हणे, उरलेल्या सांभाळायच्या.

घरी येईपर्यंत बायको एक शब्द बोलली नाही. अजूनही बोलत नाही. ताई, तू तरी चांगलं खरडपट्टी काढणारं पत्र लिही.

तुझाच,
धाकटा