राखून ठेवलेली पांढरी कळी

आई, तुझ्या पांढऱ्या गुलाबाला एकच कळी आली आहे आणि उद्या तुझ्या नातीचं लग्न आहे. घर पाहुण्यांनी भरलंय, लाडवांचं पातेलं कुणीतरी उघडंच ठेवलंय, त्याच्याकडे मुंग्यांची रांग निघाली आहे, आणि मी माजघरात भिंतीकडे तोंड करून तुला लिहिते आहे. लिहिते म्हणजे काय, दोन ओळी झाल्या की उठते, पडवीत जाऊन कळी बघते आणि परत येऊन बसते. जीव थाऱ्यावर नाही. लग्नघरात नवरीच्या आईचा जीव थाऱ्यावर नसायचाच असं सगळे धरून चालतात आणि मला चहा आणून देतात. माझा जीव कुंडीत अडकलाय हे त्यांना कसं सांगणार?

हे गेले त्याला दिवाळीत वर्ष झालं. तुझा जावई मांडवात नसणार याची तयारी मी मनाशी केव्हाच करून ठेवली आहे; कन्यादान दीर-जाऊ करतील, त्याचंही मला काही वाटत नाही. पण लग्न ठरलं त्याच दिवशी पोरीनं मला स्वयंपाकघरात गाठलं. म्हणाली, "मांडवात तू मागे जाऊन उभी राहिलीस तर बघ. तू समोर दिसल्याशिवाय मी अंतरपाट काढू द्यायची नाही. आणि तुझ्या केसात फूल पाहिजे. आजीच्या झाडाचं." मी म्हटलं, "लोक काय म्हणतील?" तर म्हणाली, "लोक जेवून जातील." एवढं बोलून ती भाकरीचा तुकडा मोडून घेऊन बाहेर गेली, आणि तेव्हापासून माझी झोप उडाली. मागे उभं राहायचं नाही हे एक वेळ जमेल. फुलाचं काय करू? हो म्हणवत नाही, नाही म्हणवत नाही, आणि उद्या तर येऊन ठेपला.

तू गुलाब निवडायचीस ते मासळी निवडल्यासारखे. रूपावर जायची नाहीस. पाकळीखाली बोट घालून बघायचीस, पान उलटं करून बघायचीस, मग वास. तरी पहिल्यांदा फसलीच होतीस. दापोलीहून आणलेलं ते पहिलं झाड, उंच दांड्याचं, टोकदार कळीचं, पांढऱ्यात किंचित हिरवी झाक असलेलं, पहिल्याच पावसाळ्यात पानांवर काळे ठिपके पडून उघडं झालं आणि शेंड्यापासून खाली काळं पडत गेलं. "रूपाची भारी, पन सासरी टिकली नाय," एवढंच म्हणालीस आणि उपटून टाकलंस. दुसरा आइसबर्ग जातीचा. त्याला तू वऱ्हाडी म्हणायचीस, कारण फुलं झुंडीनं यायची, वास म्हणाल तर नाही, पण कुठेही घाला, जगतात. तिसरं झाड तुझं स्वतःचं. बुरोंडीहून मासळीची पाटी घेऊन तू ज्या डॉक्टरीणबाईंकडे जायचीस, त्यांच्या परसातली पेन्सिलीएवढी काडी, ओल्या फडक्यात गुंडाळून पाटीतून आणलेली. त्याचं नाव त्यांनाही ठाऊक नव्हतं. फूल चपटं, पाकळ्या दाट, मधे सायीचा रंग, आणि वास असा की ओट्यावर पाटी उतरवली तरी आधी गुलाबच कळायचा. नाजूक मात्र फार. आपल्या कातळात खड्डा खणला तर पावसात त्याची विहीर होते, म्हणून तू ते कुंडीत लावलंस, कुंडीभोवती नारळाची सोडणं पसरलीस, म्हणजे पाणी घालताना तांबडी माती पाकळ्यांवर उडणार नाही. पांढऱ्याचं हेच असतं, म्हणायचीस, एवढंसं लागलं तरी गावभर दिसतं. मृग निघाला की कुंडी ओढून पडवीत घ्यायचीस.

बाबा गेले त्याच्या पुढच्या थंडीत त्या झाडाला पहिल्यांदा फुलं आली. त्याआधी तुझा अंबाडा कधी मोकळा बघितला नव्हता मी; अबोली असो, सुरंगी असो, काही नाही तर दारातलं जास्वंद. आता रोज सकाळी तू गुलाब तोडायचीस, फूल हातात आलं की हात सवयीनं अंबाड्याकडे निघायचा आणि खांद्याशी येऊन थांबायचा. मी आठवीत होते. मला वाटलं, हिला उगीचच कुणीतरी नाही म्हणून ठेवलंय. तू चुलीपुढे वाकून फुंकणी फुंकते आहेस, पाठ माझ्याकडे आहे, आणि मी मागून हळूच ते फूल तुझ्या अंबाड्यात खोचते आहे. "आई, हे पांढरं आहे," मी म्हणते, "पांढरं चालत असेल." तू वळून माझ्या हातावर अशी मारलीस की बांगडी पिचली. "पांढरं असलं म्हनून काय झालं? फूल ता फूलच. पुन्ना असं करशील तर हात मोडून ठेवीन." मग खाली पडलेलं फूल उचललंस, राख झटकलीस आणि देवापुढे नेऊन ठेवलंस. मला फार राग आला होता. तो अजूनही आहे, फक्त कुणावर आहे ते इतक्या वर्षांत ठरवता आलेलं नाही.

माझ्या लग्नाची वेणी तू त्याच फुलांची केलीस. झाडावर एकही ठेवलं नाहीस, उमलायचं होतं तेसुद्धा घेतलंस. मांडवात सगळ्या बायका मान वळवून वास घेत होत्या, आणि मंगलाष्टकं सुरू झाल्यावर मी मान न हलवता डोळ्यांनी तुला शोधत होते. पुढच्या ओळीत मावशी, काकी, शेजारणी. तू सापडलीस शेवटच्या अष्टकाला, पार मागे, आचाऱ्यांच्या चुलाणापाशी, पदर दोन्ही हातांनी धरून. अक्षता टाकल्यास की नाही तेही दिसलं नाही. नंतर मी विचारलं तर म्हणालीस, "भाताकडे कोनी बघायचं?" भाताकडे बघायला माणसं होती गो आई. हे मी पोरीला कधीतरी सांगितलं असणार, नाहीतर तिला अंतरपाटाचं सुचलं नसतं.

तू गेल्यावर भावानं अंगणात फरशी घातली, तेव्हा कुंडी फुटली आणि तुझं मूळ झाड गेलं. त्याच्या आधी मी एक काडी इथे रत्नागिरीला आणून जगवली होती, सोबत वऱ्हाडीही आणला. म्हणजे तुझा वास आता जगात या एका कुंडीत आहे, आणि ती कुंडी मी या पावसाळ्यात जवळजवळ मारली. हे कसं झालं ते तुला सांगितलं तर तू कपाळावर हात मारून घेशील. यांच्या मागे पहिला पावसाळा. बोटी बंद, बाजारात ताजं काही नाही, पोर नोकरीला बाहेरगावी, आणि एकटीपुरतं काय रांधायचं म्हणून मी रोज सुकट नाहीतर बोंबील. धुतलेलं पाणी टाकवेना. मासळीचं पाणी गुलाबाला, हे तुझंच ना? ते मी इमानदारीनं रोज पडवीतल्या कुंडीत ओतत राहिले. पानांच्या कडा करपल्या. मला वाटलं खत कमी पडतंय, म्हणून आणखी घातलं. मग एक दिवस कोवळा फुटवा टोकाकडून वाळलेला बघितला आणि तुझा आवाज ऐकल्यासारखा झाला: "ताज्याचं गुलाबाला, सुक्याचं माडाला." सुक्यात मीठ असतं, माड ते पचवतो, गुलाब नाही, आणि अंगणातल्या झाडाचं मीठ निदान पाऊस धुऊन तरी नेतो, पडवीतल्या कुंडीचं कोण नेणार? अर्धंच लक्षात ठेवलं होतं मी. आपल्याकडच्या बाईशिवाय ही चूक दुसऱ्या कुणाला करताही येणार नाही.

मीठ धुवायचं म्हणून कुंडी भर पावसात ओढली, तर पानांवर काळे ठिपके आले. परत आत घेतली. ठिपक्यांची पानं खुडून जाळली, माती बदलली, शेणखत घातलं, आणि दिवसभर त्या काड्यांकडे बघत बसायचे. फूल माळायचं की नाही हे ठरलं नव्हतं, आणि फूलच येणार नाही म्हटल्यावर मात्र ऊर फुटायची पाळी आली. दसरा झाल्यावर छाटणी केली, लग्नाच्या दिवसाचा अंदाज घेऊन. तुझ्यासारखी तिरकी, बाहेर बघणाऱ्या डोळ्याच्या वर. वऱ्हाडी लगेच फुटला, आता पांढरा झालाय नुसता. तुझ्या झाडाला एक फांदी आली आणि तिच्यावर एक कळी. गेले चार दिवस दवानं पाकळ्या चिकटू नयेत आणि कीड शिरू नये म्हणून मी तिच्यावर मलमलचं फडकं सैल बांधते आहे. पोर हसते. म्हणते, "नवरी कोण आहे नक्की?"

वन्सं परवा मंडणगडहून आल्या. यांची ही थोरली बहीण, तू त्यांना माझ्या लग्नात बघितलं आहेस. त्यांचं कपाळ पुढे दोनच वर्षांत पांढरं झालं, आणि तेव्हापासून त्यांनी एक रीत मोडलेली नाही की दुसऱ्या कुणाला मोडू दिलेली नाही. लग्नघरात सगळे त्यांना वचकून असतात, मी तर जास्तच. आत्ता मघाशी, मागची ओळ लिहून मी पडवीत गेले, फडकं सोडून कळी बघत होते, तर त्या पाठीशी येऊन उभ्या.

"ही कळी कुनासाठी राखलीस गो? पोरीसाठी?"

"नाही वन्सं. मला."

"तुला?"

त्या 'तुला'नंतर मी काय बोलणार होते ते मला खरंच ठाऊक नाही. देवाला म्हणून सुटता आलं असतं. पण तोंडातून निघालं ते असं: "आईनं सांगून ठेवलंय. जाताना म्हणाली, तुझ्यावर कधी ही वेळ आली तर फूल सोडू नको. माझ्या झाडाचं माळ."

आता तोंड सुटणार, चार बायका गोळा होणार, पोरीच्या कानावर जाणार, असं मी धरूनच चालले होते. वन्संनी वाकून कळीचा वास घेतला.

"तुझ्या आईनं सांगितलंन असं?"

"होय."

"बरा केलान," त्या म्हणाल्या. "मला कोनी नाय सांगितलान." आणि लाडवांच्या मुंग्या झटकायला आत निघून गेल्या.

मला बसवेना. हे लिहायला बसले होते ते उठले आणि त्यांच्या मागे गेले. त्या पातेल्यावर वाकलेल्या, पाठ माझ्याकडे, आणि अंबाडा पांढरा, मोकळा. तुझाही असाच मोकळा होता चुलीपुढे. मी म्हटलं, "वन्सं, आईनं तुमचंही नाव घेतलं होतं."

त्यांनी वर बघितलं नाही. "माझं? मी तिला एकदाच तर बघितलंय. तुझ्या लग्नात."

"तरी घेतलं."

"काय म्हनाली?"

"म्हणाली, त्यांना वऱ्हाडी दे. कुठेही घाला, जगतात."

त्या बराच वेळ मुंग्या झटकत होत्या, मुंग्या संपल्या तरी. मग म्हणाल्या, "सकाळी बघू. पानी तापत ठेवायला सांग लवकर." एवढंच. पण नाही म्हणाल्या नाहीत, आणि वन्संना नाही म्हणायला वेळ लागत नाही हे सगळ्या मंडणगडाला माहीत आहे.

तेव्हा आई, आता ठरलंय. उद्या मी कळी तोडणार, वऱ्हाडीचा एक झुपका तोडणार, आणि पुढच्या ओळीत आम्ही दोघी उभ्या राहणार. भीती गेली आहे असं समजू नकोस. हे पत्र कुठे टाकायचं नाही, लुगड्यांच्या तळाशी जाईल. एक गोष्ट फक्त तुला सांगून ठेवायला हवी म्हणून इतकं लिहिलं. जाताना तू मला असलं काही सांगितलं नव्हतंस. तू पाणी मागितलंस, आणि झाडाला घातलंस का विचारलंस, बस. तुझ्या नावावर मी खोटं बोलले, आणि वर पुन्हा एकदा बोलले. वन्सं माझ्यापेक्षा पुष्कळ मोठ्या आहेत, तिकडे त्या आधी पोचतील, आणि पोचल्या की पहिल्यांदा तुला शोधून काढून विचारतील, खरंच असं म्हणाली होतीस काय. तेव्हा हो म्हण.