साहेबांसाठी थांबलेली बोट

मी, एरेजेप तोरेमुरात, वय एकाहत्तर, अमू दर्या नदीच्या काठचा राहणारा, चौतीस वर्षे प्रवासी बोटीचे सुकाणू धरलेला माणूस. छाती घरघरते, पण डोके ठिकाणावर आहे. हे मृत्युपत्र मी कोणाच्या सांगण्यावरून नव्हे, माझ्या मनाने लिहीत आहे. पूर्वी तोंडी कोणाला काही कबूल केले असेल तर ते रद्द समजावे.

१. बोट, इंजिन, हत्यारांची पेटी आणि धक्क्यावरची खोली माझी मुलगी गुलझिरा हिला, एकटीला. सात वर्षे बोट तीच चालवते. "बाईच्या हाती सुकाणू म्हणजे बोट गाळात," म्हणणारे आता तिच्याच बोटीने बाजाराला जातात. खुशाल जावे, तोंड मिटून बसावे.

२. धाकटा भाऊ सापारबाय याला माझ्या मिळकतीतला खिळासुद्धा मिळू नये. त्याने हरकत घेतली, तर पुढचे सर्वांसमक्ष वाचावे.

गुलझिरा, तुझ्या जन्माच्या दिवशी नदीला पूर होता, बोट निघू शकली नाही, म्हणून तुझी आई गेली, असे तुला सांगितले. खोटे आहे ते. नदी शांत होती. मला टायफॉइड झाला होता, म्हणून बोट सापारकडे होती. तुझ्या आईचे, अयिमखानचे, बाळंतपण अडले. दवाखाना पलीकडे, बोटही पलीकडे. आम्ही तिला धक्क्यावर आणले आणि मी लाल गोधडी हलवत राहिलो. दोन तास. तू तिथेच फळ्यांवर जन्मलीस. रक्त थांबेना. बोट लागली तेव्हा तुझी आई थंड पडली होती. बोटीतून जिल्ह्याचे साहेब आणि त्यांचे पाहुणे उतरले, रुमालाने बोटे पुसत.

"गोधडी दिसली नाही तुला?" मी सापारला विचारले.

"दिसली, आगा. पण साहेबांचा मासा खाऊन व्हायचा होता. त्यांना टाकून कसा येऊ?"

माझ्या आईने भाकरीवर हात ठेवून मला गप्प राहायची शपथ घ्यायला लावली, "एक घर गेलं. दुसरं मोडू नकोस." गावही गप्प बसले. आता आई नाही. शपथ तिच्याबरोबर गेली.

३. साहेब आले की थांबायचे, हे सापारला शिकवले कोणी? मी. हा स्वतःवरचा राग तेवढा मी कोणाला देत नाही. तो माझ्याबरोबर पुरून टाकावा.

४. गुलझिराने बोट कोणत्याही साहेबासाठी थांबवू नये. थांबवल्यास बोट गावाची होईल.

५. दफनभूमी पलीकडे आहे. सापारने मला खांदा देऊ नये. बोटीत बसायचे तर बसू दे. नदी कोणाच्या बापाची नाही. आणि मला नेताना काठावरून कोणी आजाऱ्यासाठी हात केला, तर बोट वळव, पोरी. आधी त्याला पोचव. मी थांबेन.

सही: एरेजेप तोरेमुरात

साक्षीदार:
पोलात जाकसिमुरात, शाळामास्तर. एरेजेपने माझ्यासमोर सही केली.
शारिगुल नुरिमबेत, निवृत्त नर्स. त्या दिवशी धक्क्यावर मी होते. लिहिले आहे ते खरे आहे. गप्प बसणाऱ्यांत मीही होते.

ठिकाण: बोटीचा धक्का, डावा काठ
दिनांक: १४ ऑक्टोबर २०२३