डावरी खूण

दि. ४ फेब्रुवारी

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

फोन करणार होते, पण कवळ्या घासायच्या मशीननं तुझे कान पार घालवलेत, आणि ही गोष्ट ओरडून सांगण्यासारखी नाही. म्हणून पत्र.

एकेचाळीस वर्षांपूर्वी मी दत्तक दिलेल्या मुलीबद्दल आपण दोघं कधी बोललो नाही. आता नोंदणी कार्यालयानं एक यादी सुरू केली आहे. आईनं आपला फॉर्म भरायचा, मुलीनं तिचा. दोघींची इच्छा जुळली तर पत्ते देतात. मी भरायचं ठरवलं आहे. एकसष्टाव्या वर्षी कुणाची भीती बाळगू?

फॉर्म पीडीएफमध्ये आहे. माझ्या कॉम्प्युटरवर, म्हणजे लिनक्सवर, उघडला तर पानभर एकच ओळ दिसली, कृपया थांबा. मी शहाण्यासारखी थांबले. चहा केला, प्यायले, कप विसळला, ओळ तशीच. कार्यालयाला कळवलं तेव्हा त्यांनी साधी प्रत पाठवली. तिच्यात चौकटी नुसत्या छापलेल्या, आत टाइप होत नाही. पण मुद्रितशोधनाच्या कामासाठी पानावर वरून लिहायचा प्रोग्रॅम माझ्याकडे आहेच. तीस वर्षं दुसऱ्यांच्या पानांवर खुणा केल्या, आता स्वतःच्या पानावर लिहिते आहे.

दोन चौकटी रिकाम्या आहेत. जन्माची वेळ आणि वजन. मी तिला धड पाहिलंच नाही, तू पाहिली होतीस. आठवत असेल तर कळव. तिला देताना सही केलेल्या जुन्या फॉर्मची प्रतही मागवली आहे.

घरात दिवसभर कीबोर्डचा तेवढा आवाज असतो. लोभ आहे तसाच राहू दे.

तुझी,
बबी


दि. १५ फेब्रुवारी

चि. बबीस,
अ. उ. आ.

पत्र मिळालं. तुझी वहिनी गेल्यापासून टपालात नुसत्या जाहिराती येतात, त्यामुळे पाकीट बघूनच बरं वाटलं. वाचल्यावर मात्र हातातली कवळी खाली ठेवली, ती संध्याकाळपर्यंत उचलली नाही.

जन्म सकाळी सव्वासहाचा. वजन अडीच किलोला थोडं कमी. एवढं पक्कं आठवतं.

बाकी मला विचारशील तर बबे, त्या मुलीचं आता स्वतःचं घर असेल, माणसं असतील. आपण अचानक दार वाजवायचं का? आणि त्या जुन्या प्रतीच्या मागे लागू नकोस. एवढ्या वर्षांचा कागद, स्कॅनमध्ये काय दिसणार, नुसते डाग. डोळ्यांना त्रास करून घेशील.

इकडे ठीक. दवाखान्यांनी आता कवळ्या बाहेरून मागवायला सुरुवात केली आहे, त्यामुळे काम कमी आणि दिवस लांब. दुपारी दोन माणसांचा भात टाकतो आणि मग आठवतं.

प्रकृतीला जप. माझी आठवण ठेवत जा.

तुझा,
दादा


दि. २० मार्च

दादास,
न. वि. वि.

प्रत आली. डाग नाहीत. चारशे टक्के मोठी करून पाहिली.

सही माझी आहे. ती मी ओळखते, आणि ती करताना काय वाटलं तेही आठवतं. पण शेवटच्या चौकटीत, ‘पुढे कधीही संपर्क नको’ असं लिहिलंय तिथे, बरोबरची खूण आहे. मला त्या दिवशी ही चौकट कुणी वाचून दाखवली नव्हती. खूण उलटी आहे, लांब शेपूट डावीकडे. अशी खूण आपल्या घरात एकाच डावऱ्या माणसाची पडायची. साक्षीदार म्हणून खाली तुझं नाव आहे.

कार्यालयातल्या बाईंनी आणखी एक सांगितलं. मुलगी अकरा वर्षांपूर्वी तिथे आली होती. माझी चौकशी केली होती. या खुणेवर बोट ठेवून तिला परत पाठवलं.

माझ्या प्रोग्रॅममध्ये त्या खुणेवर पांढरी चौकट ओढायला दोन मिनिटं लागली असती. कुणाला कळलं नसतं. मी नाही ओढली.

नकार मी मागे घेतला आहे. पण साक्षीदार हयात असेल तर त्याचंही निवेदन लागतं. फॉर्म तुला ई-मेलनं पाठवला आहे. तुझ्याकडेही लिनक्सच आहे, तेव्हा नीट वाच. फाइल ब्राउझरमध्ये उघडू नकोस. फाइलवर माऊसचं उजवं बटण दाब, तू माऊस डाव्या हाताचा करून घेतला असशील तर डावं, आणि दस्तऐवज दर्शक निवड. निळसर चौकटी दिसतील, त्यांत टाइप होतं. टॅब दाबलास की पुढची चौकट. झाल्यावर नुसतं बंद करू नकोस, नव्या नावानं जतन कर आणि पुन्हा उघडून बघ. सही कोऱ्या कागदावर कर, स्कॅन कर आणि ते चित्र मला पाठव, मी बसवते.

तीस तारखेच्या आत हवं.

बबी


दि. २९ मार्च

चि. बबीस,
आशीर्वाद लिहायला हात उचलत नाही, तरी लिहितो.

खूण माझी. तू आतल्या खोलीत होतीस, कारकुनानं विचारलं की हे कसं भरायचं, आणि मी भरलं. मला वाटलं, तुझं शिक्षण व्हायचंय, लग्न व्हायचंय, ही गोष्ट मागे लागायला नको. तुला मोकळं करतोय असं मनाशी म्हणालो. तू लग्नच केलं नाहीस तेव्हा पहिल्यांदा शंका आली. सांगायला तेव्हाही उशीर झाला असं वाटलं, आणि मग दर वर्षी थोडा जास्तच वाटत गेला.

अकरा वर्षांपूर्वी ती आली होती हे मला ठाऊक नव्हतं. यावर विश्वास ठेव किंवा ठेवू नकोस.

फॉर्म पहिल्यांदा भरला तो गेला. जतन केला असं समजून बंद केला, उघडला तर सगळ्या चौकटी रिकाम्या. तीनदा असं झालं. शेवटी लक्षात आलं की तू बजावलं होतंस तरी मी ब्राउझरमध्येच उघडत होतो. चौथ्यांदा तू सांगितलंस तसं केलं. म्हणजे तेच वाक्य मी चार वेळा टाइप केलं. कारणाच्या चौकटीत लिहिलंय की, ही खूण अर्जदाराची नाही, मी तिला न विचारता केली.

फॉर्म आणि सहीचं चित्र आजच ई-मेलनं पाठवलं आहे. सही माझीच आहे.

रागव, पण पत्र बंद करू नकोस.

दादा


दि. ११ ऑगस्ट

ती. दादास,
न. वि. वि.

चार महिने लिहिलं नाही. लिहायला बसायची, सुरुवातीची अक्षरं टाइप करायची आणि खिडकी बंद करायची. जतन करू का असं कॉम्प्युटर विचारायचा. मी नको म्हणायची.

कार्यालयाला तिचा नवा पत्ता सापडला. तिचा भरलेला फॉर्म काल आला. नाव आणि पत्ता झाकलेला आहे. भेट नको असं तिनं लिहिलंय. फोन नको. पत्र चालेल, तेही कार्यालयामार्फत. मी ते सगळं तीन वेळा वाचलं, कामाच्या सवयीनं. एकही चूक नाही. स्वल्पविराम जिथल्या तिथे. ते पाहून मला रडू आलं.

शेवटी एक चौकट आहे, काय जाणून घ्यायचं आहे. तिथं तिनं एवढंच विचारलंय, ‘मला आईपासून कुणी नेलं, आणि नेताना तिला सांगितलं होतं का?’

मला याचं उत्तर देता येत नाही. मी झोपले होते. ते तू लिही. पाचशे अक्षरांची जागा आहे, पण पुरवणी जोडता येते. मी शब्द बदलणार नाही.

दोन माणसांचा भात अजून टाकतोस का ते कळव.

बबी


दि. १९ ऑगस्ट

चि. बबीस,
अनेक आशीर्वाद. या वेळी हात उचलला.

भात एकाचाच टाकतो, कधी कमी पडतो. तिच्यासाठी लिहिलंय ते खाली देतो. ऱ्हस्व-दीर्घ सुधार, पण काही गाळू नकोस.

तुला मी नेलं. मी तुझ्या आईचा मोठा भाऊ. तिला सांगितलं नाही. तुला द्यायचं आधी ठरलं होतं, सहीही झाली होती, पण तिनं एकदा मांडीवर घ्यायचं म्हटलं होतं आणि मी हो म्हणालो होतो. सकाळी औषधानं ती झोपली होती. तिला उठवलं तर ती देणार नाही, असं मला वाटलं. म्हणून उठवलं नाही. तू जागी होतीस, रडली नाहीस. दाराशी परिचारिकेनं हात पुढे केले. ‘द्या’ असं ती दुसऱ्यांदा म्हणाली तेव्हा मी तुला दिलं. परत आलो तेव्हा तुझी आई उठून बसली होती. बाळ कुठे, असं तिनं विचारलं. मी सांगितलं की तपासायला नेलंय, आणतील. ती उशी मांडीवर घेऊन, हात कसे धरायचे ते बघत, दुपारपर्यंत तशीच बसून राहिली.

बबे, तिच्यासाठी एवढंच आहे. आता तूही वाचलंस.

माया उरली असेल तेवढी असू दे.

तुझा,
दादा