लागली इकडे, पडलीस तिकडे

आई,

तुला पणती झाली. गेल्या आठवड्यात. जावळ इतकं की दवाखान्यातली नर्स म्हणाली, "आंटीजी, घर जाते ही कंघी खरीद लेना." मला हसू आवरेना. सून पंजाबी आहे, गुणी आहे. तिची आई रोज पंजिरीचा डबा घेऊन येते आणि मी डिंकाचे लाडू वळते. आम्हा दोघी विहिणींच्या तूप ओतण्याच्या चढाओढीत पोरगी बिचारी म्हणते, "मम्मीजी, बस करो, मैं फट जाऊंगी." सांगायचं म्हणजे, बाळ जन्मलं चंदीगडला आणि आमचं घर मोहालीत. जन्माचा दाखला त्या बाजूचा, पाळणा या बाजूला. कुणी एक अक्षर विचारलं नाही. शेजारीण पेढा भरवत होती आणि तेवढ्यात मला हे सुचलं, तशी पेढ्यासकट तोंड कडू झालं. म्हणून लिहायला बसले. अक्षर वाईट आहे, सातवी अर्ध्यात सुटली माझी. का सुटली ते तुला ठाऊक आहे.

बाबा फौजेच्या मेसमध्ये आचारी होते, ते काविळीनं गेले. तू गावी परत गेली नाहीस, मोहालीत एक खोली घेतलीस आणि चंदीगडच्या डॉक्टरीणबाईंकडे स्वयंपाकाला लागलीस. मध्ये फक्त तो मोठा रस्ता, अलीकडे पंजाबचं सरकार, पलीकडे चंदीगडचं. तेव्हा पंजाबात अतिरेक्यांचे दिवस होते, उजेड असतानाच सगळे घरात. त्या संध्याकाळी तू काम आटपून, रस्ता ओलांडून आपल्या बाजूच्या बाजारात येतेस. मोटारसायकलवरून दोघं येतात, कपड्याच्या दुकानावर गोळ्या झाडतात. दुकानदार जागीच जातो आणि एक गोळी तुझ्या मांडीत शिरते. माणूस घराकडे पळतो ना? तू पळालीस आलेल्या वाटेनं, कामाच्या घराकडे. रस्ता ओलांडलास आणि चंदीगडच्या बाजूला पडलीस.

जगलीस, पण हाड वाकडं जुळलं. दुसरं ऑपरेशन झालं तर उभं राहून पोळ्या लाटता येतील, असं डॉक्टर म्हणाले. आणि जखमींना सरकार मदत देतं, असं शेजारच्या खाटेवरच्या बाईनं सांगितलं. सगळं त्यावर अडलं होतं. मदत आली तर तुझा पाय आणि माझी शाळा. नाही आली तर तुझ्या जागी ओट्यापाशी मी.

चंदीगडचं ऑफिस म्हणालं, गोळी मोहालीत झाडली, पंजाबकडे जा. पंजाबचं ऑफिस म्हणालं, जखमी चंदीगडला सापडली, तिथल्या पोलिसांनी लिहून घेतलं, तिकडे जा. ऑफिसं तरी काय, दोन्हीकडे तोच हिरवा पडदा, तोच पंखा, आणि पाण्याच्या माठाला साखळीनं बांधलेला तोच पेला. शेवटी एक साहेब जागा बघायला आला. तू कुबडी घेऊन भर रस्त्यात उभी आहेस, ट्रकवाले भोंगे वाजवतायत आणि तू बोट दाखवतेयस, "यहाँ लगी. वहाँ गिरी." साहेबानं विचारलं, हद्द नेमकी कुठं? चहावाला म्हणाला गटारापाशी. हवालदार म्हणाला झाडांच्या रांगेपाशी. चहावाला म्हणाला, "तुसी तो कल आये हो जी, मैं यहाँ दस साल से चाय उबाल रहा हूँ." दोघांची जुंपली. साहेब चहा पिऊन निघून गेला.

पंजाबच्या ऑफिसात एक म्हातारे सरदारजी होते, लोकरी मफलरवाले. त्यांनी तुला बाकावर बसवलं आणि हळूच म्हणाले, "बीबीजी, एक ही बात बोलो. लगी भी इधर, गिरी भी इधर. बाकी मैं देख लूँगा." मी तुझा हात दाबला. देवासारखा माणूस भेटला, असं मला वाटलं. आणि तू म्हणालीस, "गिरी तो उधर, भाईसाब." त्यांनी मफलर सोडला, परत बांधला. "सोच लो, बेटी का मुँह देखो." तू माझं तोंड पाहिलंस. मग परत तेच. "गिरी उधर."

बसस्टॉपवर मी तुझ्यावर ओरडले. लोक बघत होते. "काय बिघडलं असतं एवढंसं बोललीस तर?" तू कुबडी खांबाला टेकवलीस. मग म्हणालीस, "मी पडले तिथं एक शेंगा विकणारी बाई आली. आपली ओढणी फाडून माझा पाय बांधला तिनं, पाणी पाजलं. सगळी दुकानं धडाधड बंद होत होती आणि ती माझं डोकं मांडीवर घेऊन बसली. मी तिकडं पडलेच नाही म्हटलं, तर ती बाई कुठं गेली? तिला मी नाहीच म्हणू होय?"

मी म्हणाले, "त्या बाईला काय कळणार आहे?"

"मला कळतंय ना," म्हणालीस.

मोठी गोष्ट केलीस. कुणालाही सांगितली तर डोळे पुसतात. मी पुसत नाही. कारण पुढच्या महिन्यात मी डॉक्टरीणबाईंच्या ओट्यापाशी उभी होते. त्यांची मुलगी माझ्याच वयाची. मी पोळ्या लाटायचे आणि ती त्याच टेबलावर भूगोलाचा नकाशा रंगवायची. बाई चांगल्या होत्या, कधी उरलंसुरलं दिलं नाही, गरम वाढायच्या. पण त्या मुलीनं एकदा विचारलं, "तुझे होमवर्क नहीं होता?" ते मला अजून ऐकू येतं. तू शेवटपर्यंत लंगडलीस. मदत कुठल्याच बाजूनं आली नाही. सरदारजी बदली होऊन गेले, पुढच्याला काही माहीत नव्हतं. रात्री पाय ठणकायचा तेव्हा तू तोंडात पदर कोंबायचीस, मला ऐकू जाऊ नये म्हणून. जायचं.

गोळी झाडणाऱ्याचं तोंडही मी पाहिलं नाही. त्याचा राग कधी आला नि कधी गेला, कळलं नाही. त्या दोन ऑफिसांना मी अजून येताजाता शिव्या घालते, पण त्यात आता दम नाही.

परवा बारसं आहे. सून आपण होऊन म्हणाली, "मम्मीजी, नानीजी का नाम रख दें? आप उनकी कितनी बातें करती हो." विहीणबाईंनी लगेच टाळी वाजवली. मुलगाही हो म्हणाला. सगळे माझ्या तोंडाकडे बघत होते, आई. मी म्हणाले, नको, जुनं नाव आहे, शाळेत पोरं हसतील.