कोपऱ्यातला उंट

४ फेब्रुवारी

हरले. परत त्या दातवालीकडून!

दिवसभर लोकांच्या दाढा उपटायच्या आणि संध्याकाळी क्लबात येऊन माझा डाव मुळासकट. एक चूक नाही. घोडा कुठे ठेवायचा, हत्ती कधी हलवायचा, सगळं आधीच ठरल्यासारखं. मी ऑफिसात दुसऱ्यांनी लिहिलेल्या सॉफ्टवेअरमधल्या चुका शोधते, पोट त्यावरच चालतं. जिथे चूक सापडतच नाही, तिथे माझं डोकं सणकतं.

घरी येताना नवरा म्हणाला, "अगं, फोनवर बघून खेळते ती. एवढं अचूक कुणी खेळूच शकत नाही." तो आज जिंकला. हल्ली जिंकतोच. क्लबात फोन ट्रेमध्ये जमा करायचा नियम आहे, त्यात सगळ्यात आधी फोन ठेवणारा हाच. दुसऱ्यांनाही दटावतो — "ठेवा रे फोन, लाज बाळगा."

७ फेब्रुवारी

तक्रार दिली. मजकूर नवऱ्याने सांगितला, मी लिहून घेतला. सही मात्र माझी एकटीचीच. "दोघांची सही असली तर बरं दिसत नाही," म्हणाला.

सेक्रेटरींनी कागद वाचला, चष्मा काढला, पुसला, परत घातला. "पुरावा आणा. नाही आणलात तर उगाच आळ घेतला म्हणून तुम्हालाच वर्षभर खेळता येणार नाही. नियम आहे."

शहराच्या संघात एकच जागा उरली आहे, क्लबातल्या या महिन्याच्या फेऱ्यांमधून ती भरायची आहे आणि तिच्यासाठी आम्ही तिघं — ती, मी आणि नवरा. इतकी वर्षं मी या जागेसाठी घासतेय. एका दंतवैद्यिणीच्या फोनला मी ती देणार नाही.

११ फेब्रुवारी

आज हसून हसून डोळ्यांत पाणी आलं.

जुना डाव तपासायला घेतला होता. क्लबात सगळ्यांच्या फोनमध्ये तेच एक फुकटचं बुद्धिबळाचं ॲप आहे, त्यातच टाकला. पटाच्या मधोमध प्यादी एकमेकांत अशी अडकलेली की कुणालाच पुढे जाता येईना. आणि ॲपमधलं ते खेळी सुचवणारं, जगज्जेत्यांना धूळ चारणारं इंजिन मला सांगतंय — उंट कोपऱ्यात ने! अहो, तो कोपऱ्यात गेला की आपल्याच प्याद्याच्या मागे गाडला गेला, मरेपर्यंत बाहेर येत नाही. काल शिकायला लागलेलं पोरगंही असं खेळणार नाही. वर हे शहाणं आकडा दाखवतंय की आपण जिंकतोय.

मग ऑफिसची सवय. एक मोहरा बदलून पाहिला, दोन बदलून पाहिले, फोन बंद करून चालू केला. प्यादी तशी अडकली की उत्तर तेच. कोपरा.

बग आहे. माझा आहे. मला सापडला.

१३ फेब्रुवारी

ॲपवाल्यांना कळवलं होतं, त्यांचं उत्तर आलं. "माहीत आहे, पुढच्या अपडेटमध्ये दुरुस्त करतोय." कळवायला नको होतं. पण हात थांबत नाहीत, इतक्या वर्षांची खोड.

आता बेत असा. माझ्या सुरुवातीला दातवाली नेहमी एकच उत्तर देते. त्यातून डाव त्या अडकलेल्या प्याद्यांपर्यंत नेता येतो, मी घरी पटावर दहादा लावून पाहिला. तिचा उंट कोपऱ्यात गेला की ती सापडली. माणसाला ती खेळी सुचणारच नाही.

नवऱ्याला सांगितलेलं नाही. याच्या तोंडात तीळ भिजत नाही. उत्साहाच्या भरात क्लबात कुणाला तरी बोलून जाईल आणि सगळं मुसळ केरात.

१८ फेब्रुवारी

नवऱ्याची ॲसिडिटी वाढली आहे. डाव रंगात आला की पोट धरतो, तोंड धुवायला जातो, येतो तेव्हा चेहरा ओला. गोळ्या आणून दिल्या, त्या तशाच पडल्यात. डॉक्टरांना दाखव म्हटलं तर खेकसला. पंखा चालू असूनही जाकीट काढत नाही, मग पोट बिघडणार नाही तर काय!

तरी जिंकला. दुखत असूनही. कौतुक वाटलं, खरं सांगते, आणि जरा जळलेही.

२१ फेब्रुवारी

अपडेट आलेलं नाही. रोज उठल्याबरोबर तेच बघते. जन्मभर लोकांच्या मागे लागून बग दुरुस्त करून घेतले आणि आता एक बग तसाच राहावा म्हणून देव पाण्यात घालून बसलेय.

२२ फेब्रुवारी

झाला डाव. मला हवा तसाच झाला. प्यादी अडकली. तिची खेळी.

ती उठली नाही. पर्स उघडली नाही. नुसती बसून राहिली, दोन्ही हात गालांवर. मी तिच्या उंटाकडे बघत होते, ये बाई, उचल, उचल. तिने उंटाला बोट लावायला हात पुढे केला, कोपऱ्याकडे एकदा पाहिलं, हात मागे घेतला. मग राजा एक घर बाजूला सरकवला. साधी, संथ, माणसाची खेळी. बरोबरी झाली.

मोहरे डब्यात भरताना म्हणाली, "तो उंट तिकडे गेला असता तर तिथेच कुजला असता, नाही का?" मग म्हणाली, "तुमची तक्रार माझ्या कानावर आली आहे. माझ्यासमोर लोक आ करून बसतात. मला गप्प बसायची सवय आहे, म्हणून गप्प बसले."

निर्दोष आहे. म्हणून मला आवडायला लागली असं नाही. उलट जास्तच राग आला.

नवऱ्याने स्वतःचा डाव संपवून विचारलं, "काय झालं?" म्हटलं, बरोबरी. "बघ, फोनच," म्हणाला. पुढे काही विचारलं नाही. पटावर काय होतं, तेही नाही.

२४ फेब्रुवारी

तक्रार मागे घ्यायला गेले. सेक्रेटरी म्हणाले, "मागे घेतलीत तरी आळ घेतलाच ना, बाई? शेवटच्या फेरीनंतर समिती बसेल." म्हणजे संघ गेला आणि वर्षही गेलं. माझ्याच सहीने.

नवऱ्याला सांगितलं. जेवता जेवता म्हणाला, "मग आता जागा माझ्याकडे किंवा तिच्याकडे." घास गिळला आणि म्हणाला, "तू शांतपणे खेळ शेवटचा डाव." ताट घासताना मी ते इतकं आपटलं की त्याला पोचा आला.

२७ फेब्रुवारी

उद्या शेवटची फेरी. कोण कुणाशी खेळणार त्या जोड्या फळ्यावर लागल्या. माझ्यासमोर नवरा. तो हसला, "दयामाया नको हं." मी हसले नाही. तयारी काहीच नाही, पंधरवडाभर त्या एका सापळ्याशिवाय दुसरं काही पाहिलेलंच नाही. तेच खेळेन. मला आता गमवायला राहिलंय काय?

२८ फेब्रुवारी

प्यादी अडकली. त्याला पकडायला म्हणून नाही केलं, हात त्याच वाटेने गेले. त्याची खेळी होती. त्याने पोट धरलं, तोंड धुवायला गेला. आला, चेहरा ओला, जाकिटाची चेन गळ्यापर्यंत. पटाकडे पाहिलंही नाही. उंट उचलला आणि कोपऱ्यात ठेवला. घड्याळ दाबलं, माझ्याकडे बघून हसला.

अपडेट आलेलं नाही. सकाळीच पाहिलं होतं.

मी हात वर केला. पंच आले. "काय झालं, ताई?"

मी म्हटलं, "ह्यांचं जाकीट बघा."