फडक्याखालचे आकडे

मी, अनसूया वसंत शेवडे, वय एकाहत्तर, राहणार फ्रीगंज, उज्जैन, निवृत्त दूध-नोंदणी कर्मचारी, हे मृत्युपत्र स्वखुशीने, कोणाच्याही दडपणाशिवाय, स्वतःच्या हाताने लिहीत आहे. डोकं शाबूत आहे. डॉ. मुक्ता यांनी तपासलं आहे, शिवाय त्यांना मी सतराचा पाढा न अडखळता म्हणून दाखवला आहे. मी लग्न केलं नाही. यापूर्वी कोणतंही मृत्युपत्र केलेलं नाही.

१. टावर चौकामागचं दोन खोल्यांचं घर धाकटा भाऊ दिलीप याला द्यावं. ‘ताई, शेणाचा वास येतो’ असं तीस वर्षं म्हणत त्याने मला जेवायला वाढलं. पण वाढलं रोज.

२. बँकेतली ठेव वहिनी उषा हिला. तिने ती मुलांच्या नावे करू नये, स्वतःवर खर्च करावी.

३. लुना भंगारात द्यावी. उन्हेलकडच्या सात गावांतला एकही रस्ता तिने सोडलेला नाही, एवढं भंगारवाल्याला सांगावं.

४. वजनाचा काटा आणि बत्तीस रजिस्टरं भाची केतकी हिला द्यावीत. ती कॉलेजात संख्याशास्त्र शिकवते.

याचं कारण सविस्तर लिहिते. गाईगाईंच्या दुधात कमीजास्त असतं. त्यातलं किती आईबापाकडून आलं आणि किती चाऱ्यापाण्याने, हे काढायला आयांचं आणि लेकींचं दूध वर्षानुवर्षं मोजावं लागतं. आईबापाकडून आलेल्या हिश्शाला आनुवंशिकता म्हणतात. आमच्या कार्यालयाने मालवी गाईंचा हा हिस्सा शंभरात आठ काढला आणि छापून टाकलं, की निवड करून उपयोग नाही. सात गावांत चांगला वळू राखायचं काम त्यामुळे बंद पडलं.

तो आकडा चुकला होता. ज्याची गाय जास्त दूध द्यायची, तो मालक दृष्ट लागू नये म्हणून मी पोहोचायच्या आत अर्धं दूध काढून ठेवायचा. कागदावर उत्तम गाय आणि साधारण गाय सारख्याच. मग आईचा गुण लेकीत दिसणार कुठून? हे माझ्या लक्षात आलं, कार्यालयातल्या आमच्या साहेबांच्या नाही, कारण साहेब कधी गोठ्यात आलेच नाहीत. मी बादलीवर फडकं टाकून वजन करायला लागले. काटा फक्त मालकाला दाखवायचा, आकडा तोंडातून काढायचा नाही. रजिस्टरात गाईचा नंबर, मालकांची नावं वेगळ्या वहीत. ती वही कोणाला दाखवणार नाही, असं दोनशे बारा घरांत गाईच्या पाठीवर हात ठेवून वचन दिलं. एकोणीस वर्षं असं मोजलं आणि हिस्सा शंभरात सत्तावीस निघाला. हे मी केलं. मला त्याचा अभिमान आहे, आणि तो मी आजवर पुरेसा मिरवलेला नाही.

साहेब म्हणाले, “कपड़े के नीचे का दूध और कपड़े के नीचे के आँकड़े, दोनों नहीं चलेंगे।” मालकांची नावं द्या, चौपालवर, सगळ्या गावासमोर, आकडे वाचून खात्री करू, असा त्यांचा हुकूम होता. मी नावं दिली नाहीत. छापील आकडा आजही आठच आहे.

५. सदर फडकं धुऊन, इस्त्री करून साहेबांना पोस्टाने पाठवावं. सोबत चिठ्ठी नको.

६. नावांची वही राम घाटावर क्षिप्रेत सोडावी. केतकी म्हणते, “आत्या, वही गेली तर आकडे खरे असल्याचा पुरावाच उरणार नाही.” तिचं बरोबर आहे. पण दिलेला शब्द मोडायचा नाही. लोक मला खोटी ठरवतील, आणि त्याचं मला फार वाईट वाटतं, हेही लिहून ठेवते.

७. साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही मिळू नये असा रिवाज आहे, म्हणून बापूलाल आंजना यांना काही ठेवलेलं नाही. फडक्याखाली पहिली गाय त्यांनीच मोजू दिली होती.

कलम सहाची दुरुस्ती: वरील मजकूर मी साक्षीदारांना हिंदीत समजावून सांगितला. सहाव्या कलमावर बापूंनी हात वर केला. म्हणाले, “बाईजी, बात तुमने रख ली। गाय हमारी थी, नाम भी हम ही खोलेंगे।” आणि अंगठा न देता उठून गेले. वीस दिवसांनी परत आले ते एकशे शहाण्णव घरांचे अंगठे आणि सह्या घेऊन. सगळ्यांची परवानगी. वय वर्षं ब्याऐंशी, सातही गावं फिरले. मी रडले, ते डॉक्टरांनी पाहिलं आहे.

सबब कलम सहा रद्द. वही केतकीला द्यावी. तिने सत्तावीस छापून आणावे. ज्या सोळा घरांतलं कोणी भेटलं नाही, त्यांची नावं मी स्वतः शाईने खोडली आहेत.

ठिकाण: उज्जैन
दिनांक: १४ नोव्हेंबर २०२५

(सही) अनसूया वसंत शेवडे

आम्हां दोघांच्या देखत अनसूयाबाईंनी सही केली आणि त्यांच्या देखत आम्ही.

साक्षीदार १: (सही) डॉ. मुक्ता घाटपांडे, फ्रीगंज

साक्षीदार २: (डाव्या अंगठ्याचा ठसा) बापूलाल आंजना. पुढची ओळ त्यांनी रस्त्यापर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात सांगून लिहून घेतली: गंगी, गाय नंबर एक, दुसरं वेत, एका दिवसाचं दूध आठ किलो दोनशे ग्रॅम, तिची लेक जमना, सात किलो नऊशे.

रजिस्टराशी ताडून पाहिलं. बरोबर आहे. अ. व. शे.