माइकच्या डावीकडची जागा

प्रिय ताई,

हे पत्र नॅडिन तुला वाचून दाखवणार, म्हणून आधी तिलाच सांगते. नॅडिन, बाळ, सासूच्या उजव्या हाताला बस आणि सावकाश वाच, तुम्ही डेटन शहराकडच्या मुली फार भरभर वाचता. आणि ताई, तू भिंतीकडे तोंड फिरवू नकोस. काय ठेवलंय गं त्या भिंतीत? मी मे महिन्यात एवढा प्रवास करून आले, तर बाईसाहेब सगळा वेळ भिंतच बघत बसल्या. परतताना बसमध्ये मी इतकी रडले की शेजारच्या अनोळखी बाईने मला सफरचंद काढून दिलं. मेलं आंबटढाण निघालं, पण रडता रडता खाल्लं सगळं.

इकडचं सगळं बरं आहे. तुझ्या परड्यातल्या घेवड्याला यंदा ऊत आलाय. मी शेंगा दोऱ्यात ओवून ओसरीवर वाळत घातल्यात, अगदी आईसारख्या माळा करून. तुझ्या कोंबड्या माझ्याकडे राहायला आल्यात आणि मला हिंग लावून विचारत नाहीत. चर्चमध्ये सगळे तुझी चौकशी करतात. मी सांगते, बरी आहे, मुलाकडे आहे, सून जीव लावते. पुढचं सांगत नाही. ईस्टरच्या सुमारास तुझ्या डोक्यात ती रक्ताची गुठळी अडकली आणि तुझे सगळे शब्द गेले, एवढं त्यांना ठाऊक आहे. फक्त ‘मंगळवार’ तेवढा उरला, हेही ठाऊक आहे. पाणी हवं तरी मंगळवार, राग आला तरी मंगळवार. तुझी नातवंडं हसली म्हणून तू चमचा भिरकावलास, ते तुझ्या कॉयने फोनवर सांगितलं तेव्हा मला बरंच वाटलं बघ. म्हटलं, चला, आमची डॉर्कस अजून आत आहे.

पण त्यानंतर कॉयने दुसरंही सांगितलं. म्हणाला, मावशी, आईने आता मंगळवारही सोडलाय. बोलायला शिकवणारी बाई येते तर आई ओठ घट्ट मिटून घेते. डॉक्टर म्हणतात, हिने प्रयत्नच केला नाही तर आहे तेवढंही जाईल, मग कुणाच्या हातात काही राहणार नाही. आणि शनिवारी रेडिओवर आपण दोघी गायचो तो कार्यक्रम लागला की तू तोंड फिरवतेस म्हणे. ते ऐकून मात्र मी तुला रागावले नाही गं. कारण तू का फिरवतेस ते मला कळतं. तुझ्या जागी मी असते तर रेडिओच उचलून विहिरीत टाकला असता.

म्हणून तुला आता कार्यक्रमाचं सांगते, तुला आवडो न आवडो. हॉबर्ट अजून तसाच आहे. तोच निवेदक, तीच टोपी, पिठाची जाहिरात करताना तोच गळा काढणं. ‘आमच्या पिठाची बिस्किटं इतकी हलकी की ताटलीवर दगड ठेवावा लागतो.’ लोक अजून हसतात. जुनं थेटर शनिवारी संध्याकाळी अजून भरतं, पुढच्या रांगेत म्हातारे, आणि मागे पाळण्यातली पोरं. एव्हरेटने फिडलच्या पोटात नवं खुळखुळं घातलंय, या उन्हाळ्यात मारलेल्या खुळखुळ्या सापाच्या शेपटीचं, जुने वादक घालायचे तसं. म्हणतो, आवाज सुधारला. मी म्हटलं, आवाज तोच आहे, साप उगाच मेला. तर दोन दिवस माझ्याशी अबोला.

आणि एक गोष्ट तुला कुणी सांगितली नसेल. आपल्याकडे अजून एकच माइक आहे. सगळे त्याच्याभोवती दाटीने उभे राहतात, ज्याची पाळी तो पुढे येतो, वाजवतो, मागे सरतो. तुला माहीतच आहे, सगळं खांद्याला खांदा घासत चालतं. पण माइकच्या डावीकडे, तुझ्या टाचांनी जिथली फळी झिजवलीय, तिथे कुणी पाय ठेवत नाही. बॅन्जोवाला पुढे येतो तो वळसा घालून. एव्हरेटचं पोट एवढं सुटलंय, तोही अंग चोरून पलीकडून येतो. कुणी कुणाला सांगितलेलं नाही. मी उजवीकडे उभी राहते, गिटार वाजवते, आणि गात नाही. ईस्टरपासून एकही गाणं गायले नव्हते.

मागच्या शनिवारी गायले. त्याचं असं झालं. घराबाहेर पडता न येणाऱ्यांसाठी हॉबर्ट दर कार्यक्रमात एक गाणं ठेवतो ना, कुणाचा पाय मोडलेला, कुणी खाणीतल्या धुळीने छाती धरून पडलेला, लोकांच्या चिठ्ठ्यांतून त्यांची नावं वाचतो आणि गाणं त्यांच्या नावे करतो. तर मधल्या सुट्टीत तो माझ्याकडे आला आणि म्हणाला, वेस्टा, या शनिवारी सगळ्या चिठ्ठ्यांवर एकच नाव आहे. सगळ्यांना डॉर्कससाठी ‘नदीपल्याडचा दिवा’ हवंय. मी म्हटलं, डोकं ठिकाणावर आहे का तुझं? ते दोघींचं गाणं आहे. तो म्हणाला, मग एकटी गा, सोप्पं तर आहे. पुरुषांना सगळं सोप्पंच असतं.

पण मी हो म्हटलं. मूळ चाल मला येत नाही असं थोडंच आहे? आई शेंगा निवडताना गायची तेव्हापासून कानात आहे. विंगेत उभं राहून मी ती पुटपुटून घेतली, अगदी तुझ्यासारखी, संथ, सरळ. हॉबर्टने तुझं नाव घेतलं. एव्हरेटने फिडलवर सुरुवात करून दिली, मी तोंड उघडलं आणि ताई, काय सांगू, गळ्यातून निघाला तो माझा वरचा सूर. तुझ्या चालीच्या वर जो मी आयुष्यभर धरला, तो. चाल नाहीच, नुसती वरची साथ. खाली भिंत नाही आणि मी आपली छपरावर चढून बसलेय, अशी गत. बॅन्जोवाल्याने डोळे वटारले. मी खाली यायला बघते तर गळा येईचना. रेडिओ चालू, तीन राज्यांत लोक ऐकताहेत, थांबायची सोय नाही. पहिली ओळ तशीच गेली, अर्धीमुर्धी, अंगावर धड कपडे नसल्यासारखी.

दुसऱ्या ओळीला पुढच्या रांगेतली ऑर्फा म्हातारी उठली आणि तिने तुझी चाल धरली. तिला धड ऐकूही येत नाही गं. मग तिच्या शेजारचा, मग मागची रांग. ‘नदीपल्याड दिवा ठेव गं, मी पोहून येते आहे’ ला पोचेपर्यंत सगळं थेटर गात होतं, तुझी चाल, तुझ्या संथपणाने. तुझी एकटीची जागा भरायला एवढी माणसं लागली, आणि तरी डावीकडच्या त्या फळीवर कुणी आलं नाही. मी वरचा सूर शेवटपर्यंत धरला. गाणं संपल्यावर टाळ्या नाहीत, काही नाही. हॉबर्टला पिठाची जाहिरात करायची होती, तो आपला टोपीने डोळेच पुसत राहिला. शेवटी एव्हरेटच म्हणाला, पीठ चांगलं आहे हो, घ्या. तेवढ्यावर जाहिरात झाली.

मी घरी येऊन कोंबड्यांना दाणे टाकले आणि ठरवलं की आता पुन्हा त्या स्टेजवर चढायचं नाही. एवढ्या वर्षांची गाणारी बाई आणि साधी चाल धरता आली नाही, लाजेने मेल्यासारखं झालं मला. गिटार पेटीत ठेवून पेटी पलंगाखाली सारली.

रविवारी चर्चहून आले तर फोन वाजत होता. कॉय होता आणि रडत होता. तुझा तो दांडगा मुलगा, ट्रकचे टायर एकट्याने उचलणारा, लहान पोरासारखा हुंदके देत होता. मला वाटलं, संपलं सगळं. मग त्याने सांगितलं. नॅडिन बटाटे तळत होती, रेडिओ लावलेला, तू नेहमीसारखी भिंतीकडे. माझा सूर आला, खाली चाल नाही. आणि भिंतीकडे तोंड करून तू गायला लागलीस. शब्दांसकट. ‘नदीपल्याड’ म्हणालीस, ‘दिवा’ म्हणालीस, सगळं म्हणालीस. मी त्याला पुन्हा पुन्हा विचारलं, कधी सुरू केलंन तिने, थेटर गायला लागलं तेव्हा ना? तो म्हणाला, नाही मावशी, त्याच्या आधी. तू रेडिओवर एकटी पडली होतीस तेव्हा. थेटर दुसऱ्या ओळीला आलं, ताई, तू पहिलीलाच आलीस. मला उघड्यावर पडलेली तुला बघवलं नाही, लहानपणीही बघवत नसे. तर आता नीट ऐक, हे पत्र मी एवढ्यासाठीच लिहिते आहे. गिटार पलंगाखालून काढलीय. येत्या शनिवारी तेच गाणं आहे, आणि मी मुद्दाम वरचाच सूर गाणार. हॉबर्टने सगळ्यांना बजावलंय, कुणी तोंड उघडायचं नाही, ऑर्फाला तर तिच्या मुलीने लिहून दाखवलंय. तीन राज्यांत लोकांना अर्धंच गाणं ऐकू जाईल. जाऊ दे. अख्खं गाणं फक्त तुझ्या स्वयंपाकघरात होईल. मला इथे तुझा आवाज येणार नाही, मी तो आहे असं धरून चालीन. आणि त्यानंतर ती शिकवणारी बाई आली की तिला हेच गाऊन दाखव, तिथून एकेक शब्द काढून घ्या दोघी. डावीकडची फळी तुझी आहे, तिथे तुला परत उभी करायचीय मला. गाणं संपल्यावर हवं तर मंगळवार म्हण, आपला कार्यक्रम शनिवारी असतो एवढं लक्षात ठेव. एव्हरेटचं फिडल थांबलं की श्वास घे. मीही इथे घेईन.

तुझीच, उजवीकडे उभी असलेली,
वेस्टा